उलट्या अंगाची सुरी

"नाचता येईना अंगण वाकडं!" सासूबाई ओरडल्या.

"आणि अंगण खरंच वाकडं असलं तर?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं.

मी तेव्हा नवी नवरी. मोरीत बसून भांडी घासत होते. मधली भिंत पातळ, कान लावायचीही गरज नव्हती. उलट आपला आवाज होऊ नये म्हणून मी घासायचं पातेलं मांडीवर घेऊन गप्प बसले होते. नव्या घरात कोण कसं आहे ते कळायला भांडणासारखी दुसरी सोय नाही.

"उभा जन्म मी या सुरीने मासे सोडवले," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सासूनेही अशाच सुरीने सोडवले. कुणी कधी सुरीला नाव ठेवलं नाही. तुझा हातच उलटा. तुला ओट्यावर उभं केलं तर गिऱ्हाईक राहील बाजूला, मांजरं रांग लावतील."

"हात माझा आहे, आई. तो बदलायचा नाही. सुरी तुमची आहे. ती बदलता येते."

तेवढ्यात माझ्या मांडीवरचं पातेलं घसरलं आणि असं दणाणलं, की दोघी एका सुरात ओरडल्या, "फोडलंस का गं?" त्या आठवड्यात सासू-सुनेचं एकमत झालं ते तेवढंच.

भांडण कशावरून होतं ते सांगते. बाजारात मासे विकणाऱ्यांच्या ओळीच्या शेवटी दगडी ओटे होते. त्यातला एक आमचा. गिऱ्हाईक मासा विकत घेऊन ओट्यावर आणून टाकायचं. आपण खवले काढायचे, पोट साफ करायचं, आणि पाठीच्या काट्यावरून दोन्ही बाजूंचं मांस अख्खंच्या अख्खं सोडवून द्यायचं. मांसात काटा राहता कामा नये आणि काट्यावर मांस राहता कामा नये. एवढंच काम. एवढंच म्हणते खरी, पण एकदा करून बघा.

आमच्या घरातली चूल त्या ओट्यावर पेटायची. माझे यजमान आणि भावजी दोघे बर्फाच्या कारखान्यात होते, पण तो कारखाना आज चालू तर उद्या बंद. आणि नेमका सासूबाईंचा उजवा अंगठा बधिर व्हायला लागला. सुरी हातातून सुटायची. बाजाराच्या मुकादमाने ते पाहिलं आणि निरोप धाडला, "येत्या सोमवारी ओट्यावर नीट कापणारं माणूस दिसलं पाहिजे. नाहीतर ओटा दुसऱ्याला."

माणूस आणायचं कुठून? मला तेव्हा माशाच्या डोळ्यांची भीती वाटायची. हसा खुशाल. राहिल्या जाऊबाई. आणि जाऊबाई डावखुऱ्या.

उंच, हाडापेराने मजबूत, हसल्या की शेजारच्या घरातलं पोर दचकून उठायचं. शाळेत मास्तरांनी त्यांचा डावा हात रुमालाने बाकाला बांधला होता, उजव्याने लिही म्हणून. यांनी उजव्याने एक अक्षर काढलं नाही. शेवटी घरी बसल्या. मला एकदा म्हणाल्या होत्या, "मास्तर म्हणाले हात सोड. मी शाळा सोडली. दोनातलं एक सोडायचंच होतं ना!" मी दोन इयत्ता शिकले, त्या दीड. त्यामुळे आमच्या घरात मी शिकलेली.

तर त्या आठवड्यात त्यांनी सासूबाईंच्या सुरीने रोज मासे सोडवून पाहिले. मांस जिन्याच्या पायऱ्यांसारखं निघायचं. अर्धं हातात, अर्धं काट्यावर. एक म्हातारा गिऱ्हाईक आपला मासा उलटसुलट करून म्हणाला, "हे तुम्ही कापलंय, की उंदराने?" सासूबाईंनी मान खाली घातली. जाऊबाईंनी नाही घातली. त्या सुरीकडे बघत होत्या.

दुपारी मला खिडकीशी बोलावलं. "अगं इकडे ये. नख लावून बघ. या बाजूने, आता या बाजूने."

मी नख लावलं. एक बाजू सपाट होती. दुसऱ्या बाजूला धारेकडे उतार होता.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय मग! आईंच्या हातात धरली की उतार खाली येतो, काट्याकडे. पातं काट्यावरून घसरत जातं. माझ्या हातात सपाट बाजू खाली येते, आणि पातं काट्यात रुततं. मला उतार या दुसऱ्या बाजूला हवा." त्या उठल्या. "आमच्या पिढ्यांमागून पिढ्या म्हणतायत हात उलटा, हात उलटा. सुरी उलटून बघायचं कुणाला सुचलं नाही."

लगेच सुरीच्या दुकानात. मला बरोबर घेतलं, कारण सासूबाई येणार नव्हत्या आणि भावजींची पाचावर धारण बसली होती. जाऊबाई ओट्यावरून आल्या तशाच निघाल्या, हात चिकट, बुळबुळीत. मी म्हटलं, "हात तरी धुवा." तेच दुकानदारही म्हणाला, नाकाला रुमाल लावून, "बाई, हात धुवून यायचं होतं!"

"धुतलेल्या हाताने मी मासे सोडवत नाही," त्या म्हणाल्या. "दाखवा."

त्याने एक भली मोठी चकाचक सुरी पुढे केली. "ही घ्या, सगळ्यात भारी."

"ही कुणाला मारायला आहे?" त्यांनी ती बाजूला सरकवली.

दुसरीची मूठ आरशासारखी गुळगुळीत. जाऊबाईंनी मुठीत धरली, तशी ती साबणासारखी सुळकन निसटून फळीवर पडली. "बघितलंत? ओट्यावर निसटली असती तर बोट गेलं असतं." तिसरीचं टोक त्यांनी फळीला टेकवून दाबलं. पातं वाकायलाच तयार नाही. "ही सासूसारखी आहे," मला हळूच म्हणाल्या. चौथी वाकली ती वाकलीच, परत सरळ होईना. "आणि ही नवऱ्यासारखी." मला हसू आवरेना. दुकानदाराला मात्र रडू आवरेना. "अहो बाई, मोडाल! विकत घ्यायच्या आधी मोडाल!"

"आधी मोडलेली बरी. नंतर मोडली तर तुम्ही परत घेणार आहात का?"

शेवटी त्यांनी स्वतःच खालच्या खोक्यात हात घातला. एक अरुंद, पातळ पातं निघालं, वीतभर लांब आणि वर थोडं. मूठ साध्या खरखरीत लाकडाची. फळीला टेकवून दाबलं तर कमानीसारखं वाकलं आणि सोडल्याबरोबर सरळ झालं. चिकट हातातही मूठ जागची हलली नाही.

"तिला अजून धार नाही लावलेली," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच तर हवी."

धारवाल्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. एक खोली, त्यात एक चाक, आणि चाकामागे तो, भुवयांवर लोखंडाची पूड घेऊन बसलेला. जाऊबाईंनी काय हवं ते सांगितलं. त्याने सुरी परत केली.

"असलं काम मी करत नाही. ही सुरी मग दुसऱ्या कुणाच्या कामाची राहणार नाही."

"दुसऱ्या कुणासाठी घेतलीच नाही."

"लोक म्हणतील धारवाल्याने सुरी बिघडवली. माझं नाव जाईल."

"आणि नाही लावलीत तर माझा ओटा जाईल. तुमचं नाव आठवड्यात परत येईल. ओटा येणार नाही."

"बाई, जा हो तुम्ही."

जाऊबाई गेल्या, पण उंबऱ्यापर्यंतच. उंबऱ्यावर बसल्या, पदर सावरला, आणि दोन्ही चिकट हात गुडघ्यांवर ठेवले. दुपारचं ऊन. वास आत जायला वेळ लागला नाही. एक माणूस कात्री घेऊन आला, नाक मुरडून परत फिरला. एक बाई आली, तीही फिरली.

धारवाला म्हणाला, "उगाच तोंड चालवू नका माझ्या दारात."

"मी कुठं बोलतेय?" जाऊबाई म्हणाल्या. "वास बोलतोय."

मी पलीकडच्या भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं आता हा पाणी ओततो यांच्या अंगावर. त्याने मान हलवली, हात पुढे केला आणि म्हणाला, "द्या ती अवदसा इकडे." चाक फिरायला लागलं. जाऊबाई मात्र उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. एका अंगाने पूर्ण धार लागली, नखावर घासून पाहिली, तेव्हाच उठल्या.

सोमवारी मुकादम आला. आपला मासा घेऊन आला, चांगला हातभर लांब. आजूबाजूच्या ओट्यांवरचे हात थांबले. सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, बधिर अंगठा मुठीत लपवून. मी पाण्याची बादली धरून. जाऊबाईंनी डाव्या हातात सुरी घेतली.

आणि पहिलाच मासा बिघडला. इतके दिवस रुतणाऱ्या सुरीशी झोंबून त्यांच्या मनगटाला जोर लावायची सवय लागली होती. नवी सुरी तशी नव्हतीच. ती लोण्यातून गेल्यासारखी गेली, आणि मांस मधोमध फाटलं.

मुकादमाने हात झटकले. "झालं? बघितलं सगळ्यांनी. डाव्या हाताचं काम ते डाव्या हाताचंच."

"दुसरा द्या," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण सुरी खाली ठेवली नव्हती.

"दुसरा कुठून देऊ? माशांचा कारखाना आहे का माझा?"

तेवढ्यात धप्प आवाज झाला. ओट्यावर एक मासा येऊन पडला. आमच्या घरच्या रात्रीच्या जेवणाचा. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. "हा घे," त्या सुनेला म्हणाल्या, आणि मुकादमाकडे वळल्या. "आमचा आहे. बिघडला तर आम्ही खाऊ. तुझ्या बापाचं काय जातंय? तुला शेंबडा असताना पाहिलाय मी, मोठा आला मुकादम! थांब आणि बघ."

मुकादम थांबला. मी त्या बाईंशी इतकी वर्षं संसार केला, पण त्यांच्यावर माझा जीव जडला तो त्या क्षणी.

जाऊबाईंनी मनगट सैल सोडलं. कल्ल्यामागून पातं घातलं, आडवं केलं, आणि शेपटीकडे ओढलं. बारीक सर्र असा आवाज. पातं काट्याच्या अंगाने वाकत, त्याच्यावरून घसरत गेलं. एक बाजू निघाली. मासा उलटला. दुसरी निघाली. काटा उचलून त्यांनी मुकादमासमोर धरला. त्यातून पलीकडचा माणूस दिसत होता.

"हात मात्र उलटाच आहे हो," मुकादम जाता जाता पुटपुटला.

"मासा सरळ निघाला ना?" जाऊबाई म्हणाल्या. "मग तुम्ही हाताकडे बघू नका. तुमचं तिथं काही काम नाही."

ओटा राहिला. सासूबाईंनी तोंडावर कधी कौतुक केलं नाही, ती त्यांची पद्धत नव्हती. पण पाण्याच्या नळावर बायकांना सांगताना मी ऐकलं, "आमच्या सुनेची सुरी कुणाच्या बापाला चालवता येत नाही." ते खरंच होतं. एकदा शेजारच्या ओट्यावरच्या जाड्याने ती न विचारता उचलली आणि एका लग्नघरचा मोठा मासा चिंध्या करून ठेवला. वर त्यांनाच विचारतो, "मावशी, सुरीत काय घालून ठेवलंत?" जाऊबाई म्हणाल्या, "कुलूप."

तेव्हापासून सगळा बाजार त्यांना डावऱ्या मावशी म्हणायला लागला. कुणी हिणवायला म्हणालं तरी त्या ओ द्यायच्या. मधे एक नवा साहेब आला, त्याने सगळ्या ओट्यांना सारख्या सुऱ्या वाटल्या, निळ्या मुठीच्या. हीच वापरायची म्हणाला. जाऊबाईंनी ती वापरली. बर्फाच्या पोत्यांची सुतळी कापायला. साहेबाची बदली झाली, सुतळीची सुरी अजून आहे.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या, भावजी गेले, माझे हे गेले. सुरीचं पातं घासून घासून बोटाएवढं अरुंद झालं. ओटा माझ्या सुनेकडे आला. ती उजव्या हाताची, तिची सुरी वेगळी. जाऊबाई तरी रोज जायच्या आणि दोन-चार मासे स्वतः सोडवायच्या. मग डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, आता घराबाहेर पडायचं नाही. पुतण्याने आईच्या चपलाच कपाटात घालून कुलूप लावलं. सुरी लपवायची हिंमत मात्र त्याला झाली नाही.

शनिवार म्हणजे सुरीला धार, हा त्यांचा नेम. शनिवार आला तशा त्या उठल्या, सुरी फडक्यात गुंडाळली आणि माझ्या चपला पायात घातल्या. ती त्यांची शेवटची खेप. तेव्हा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

मी म्हटलं, "जाऊबाई, डॉक्टर काय म्हणाले?"

"तो उजव्या हाताने लिहितो. त्याला माझं काय कळणार?"

मग मी पुतण्याच्या ढगळ चपला फटफटवत त्यांच्या मागे.

धारवाला केव्हाच गेला होता. आता चाकावर त्याची मुलगी बसते. "आत या ना मावशी," ती म्हणाली, "खुर्ची ठेवलीय."

"मला इथंच बरं. तुझ्या बापाला इथूनच वठणीवर आणला होता." आणि उंबऱ्यावर बसल्या.

मुलीने पातं नेमकं चुकीच्या बाजूने चाकाजवळ नेलं. जाऊबाईंनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. मुलगी हसली. "ठाऊक आहे हो मावशी. तुम्ही जाग्या आहात का बघत होते."

"मी जागी असते. तू चाकाकडे बघ."

धार लागली. नखावर घासून पाहिली. "टोकाला अजून एक हात फिरव." मुलीने फिरवला. "झालं?" तिने विचारलं. "चालेल," त्या म्हणाल्या. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी कुणाला दिलेली मला आठवत नाही.

येताना बाजारातून आलो. त्यांनी एक मासा घेतला. माझी सून न सांगता ओट्यावरून बाजूला झाली. कल्ल्यामागून पातं गेलं, आडवं झालं, सर्र आवाज आला. एक बाजू, मग दुसरी. काटा त्यांनी ओट्याखाली टाकला. दोन मांजरं धावत आली, हुंगलं, आणि आमच्याकडे रागाने बघून निघून गेली.

जाऊबाईंनी सुरी धुतली, पुसली, फडक्यात गुंडाळली. मग कमरेवर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या.

"चल गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या चपला भारी घट्ट आहेत."