माफी न मागणारा चोर

‘अहो, तो पिच्चरमधला चोर गेला,’ बदलापूर गावातल्या पानवाल्याने सुपारी कातरता कातरता सांगितलं. प्रभाकरच्या मरणाची बातमी मला ही अशी कळली. कादंबरी लिहिणारा माझा मित्र गावाला ठाऊकच नव्हता, ठाऊक होता तो चोर... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अंबरनाथच्या कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर. जेवणाच्या सुट्टीत प्रभाकर डबा बाजूला सारून लिहायचा. येशूच्या दोन्ही बाजूंना क्रुसावर चढवलेल्या चोरांपैकी एकाने शेवटपर्यंत माफी मागितली नाही, त्याची गोष्ट. ‘त्याची बाजू कुणी लिहीतच नाही रे,’ म्हणायचा. उल्हासनगरच्या एका पडद्याच्या कापडाच्या शेठला ती कितपत कळली देव जाणे, पण दुकानात न खपलेले तागे पडून होते आणि रोमन सैनिकांना झगे लागतात, तेवढ्यावर त्याने पिच्चर काढला. चोराचा नट ऐनवेळी आला नाही, तेव्हा प्रभाकरच हौसेने उभा राहिला.

चामटोलीच्या टेकडीवर क्रूस रोवले ते खरवईच्या नव्या बिल्डिंगांना परांची बांधणाऱ्यांनी. त्यांनी माणूसही बांबूसारखाच बांधला, सुंभाने, करकचून, आणि ते जेवायला गेले. मग वादळाच्या सीनसाठी टँकरचं पाणी सोडलं. सुंभ भिजला की आवळतो. परांचीला ते बरंच असतं. प्रभाकर ओरडायला लागला, ‘दोर सोडा, हात गेला!’ मी धावलो, तर शेठने दंडाला धरून मला मागे ओढलं. ‘रुको यार, क्या एक्टिंग कर रहा है!’

उजव्या हाताची बोटं पुन्हा कधी नीट उघडली नाहीत. दुसरी कादंबरी डोक्यात तयार होती. त्याची बायको, शोभावहिनी, म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. त्याला ते जमेना. हात चालल्याशिवाय वाक्यच येत नाही, म्हणायचा... आणि त्या नालायक शेठने पिच्चरमध्ये चोराला माफी मागायला लावली! टेकडीवर ओरडतानाच्या त्याच्या ओठांवर दुसऱ्याच कुणाच्या आवाजातली गोड प्रार्थना चिकटवली. दर गुड फ्रायडेला केबलवाला तो लावायचा. प्रभाकर आवाज बंद करून बघत बसायचा.

यंदाही लागला. मी वहिनींकडेच होतो. शेजारच्या एक बाई बसायला आल्या होत्या, त्यांनी त्या प्रार्थनेला हात जोडले. ‘किती मनापासून म्हटलंय हो तुमच्या ह्यांनी,’ म्हणाल्या.

वहिनी उठल्या. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर प्रभाकरचे ओठ हलत राहिले.

‘आता ऐका,’ वहिनी म्हणाल्या.