हॉलंडच्या घोड्याचा भोवरा

गारखेड्याच्या गयासभाईंसारखा घोड्यांचा पारखी अख्ख्या मराठवाड्यात नाही, असं दुसरं कुणी म्हणो न म्हणो, गयासभाई स्वतः म्हणायचे. बाप टांगेवाला. भाईंनी आधी बाजार-जत्रांतून घोडे आणून विकले, मग लेक युसरा इंग्रजीत बोलून द्यायला लागली तसे थेट युरोपातून मागवू लागले. विमानानं! गल्लीला वाटलं, भाई फेकतायत.

पैठणचे मोसंबीवाले बद्रीनाथ हॉलंडच्या काळ्या घोड्यासाठी हटून बसले. अट एकच. "भाई, डोळ्याखाली केसांचा भोवरा नको. तसला आसूढाळ घोडा दारात आला की घरची बाई जलमभर रडती."

"जबान दिली," भाई म्हणाले. भाईंचा सगळा धंदा जबानीवर. ती एकदा खोटी पडली, की बाजारात कुत्रं विचारत नाही.

मग व्हिडिओ कॉल झाला. भाईंनी त्या गोऱ्या माणसाला घोड्याचे दात दाखवायला लावले, खूर दाखवायला लावले, शेपूट वर करायला लावली. माणूस घामाघूम. पण घोड्यानं मान उडवली, ती गुडघ्यापर्यंतची आयाळ झुलली, आणि आमचे पारखी गार! "या अल्ला, क्या चीज है!" तोंडावरची म्होरकी काढायला सांगायचं राहूनच गेलं. आयाळ बघून घोडा घेणाऱ्यांना हेच भाई उभ्या जन्मात हसत आले होते.

घोडा आला. पैठणला निघायच्या दिवशी भाईंनी धुवायला म्होरकी काढली, तर पट्ट्याखाली, बरोब्बर डोळ्याच्या खाली, हा गरगरीत भोवरा! भाई बादलीवरच बसले. हॉलंडला काय परत पाठवता?

"पट्टा असू दे की तसाच," बायको जहांआरा म्हणाली. "कोण बघतंय?"

भाईंनी पट्टा परत चढवला. आणि घोडा गाडीत घालून पैठणला निघाले.

बद्रीनाथांच्या दारात ही गर्दी. त्यांची बायको कडूबाई ओवाळायला ताट घेऊन पुढं आली. ती हसत होती. ते बघून भाई पुढं झाले. त्यांनी सरळ म्होरकीच काढली.

"वहिनी, थांबा. आसूढाळ हाय. माझीच नजर चुकली."

बद्रीनाथ लालबुंद. "न्या परत! माझ्या बायकोला रडवायला आणलंय व्हय?"

कडूबाईनं ताट खाली ठेवलं. घोड्याच्या डोळ्याखालून हात फिरवला. घोड्यानं तिच्या खांद्यावर नाक टेकवलं.

"लग्नात तुमी सगळे शुभ भोवरे बघूनच घोडी आणली होती ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "तवापासून मी एकलीच रडतीय. तवा नाय कुणाला घोडी परत न्यायला सांगितलं?"

गर्दीतलं हसू आधी दबलं, मग फुटलं. बद्रीनाथ चपला शोधायला लागले, त्या पायातच होत्या.

कडूबाईनं घोड्याला कुंकू लावलं, आणि मग गयासभाईंनाही.