जेवणाच्या वेळेची किल्ली

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. माझं कामच तसं आहे – मशीन विचित्र वागलं की लॉग उघडायचा, कुठेतरी नोंद सापडतेच. भूतबित मानणं माझ्या स्वभावात नाही. तरी हे लिहितेय, कारण लॉग सगळे बघून झाले आहेत...

आम्ही झाशीचे. दतिया गेटजवळ, औषधांच्या दुकानावरचा पहिला मजला. मी आणि माझा नवरा निरंजन, दोघंही पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायचो. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे सगळ्यावर हुकूम चालवणाऱ्या अगदी आतल्या भागावर काम करायचा. त्यातही किल्ल्या सांभाळण्याचं. कुलूपबंद फाइली उघडणारी किल्ली कर्नल आपल्या जुडग्यात ठेवतो, पण फक्त चालू मेमरीत. वीज गेली की किल्ली गेली. तिला मुदतही घालता येते. ती संपली की कर्नल किल्ली स्वतःच फेकून देतो. मग पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो, आणि तो निरंजनच्या डोक्यात.

या बाबतीत तो जरा अतिच होता. भाजीच्या यादीलासुद्धा कुलूप! त्याच्या फोल्डरची किल्ली दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतच चालायची. जेवायला तो कामाच्या टेबलावरच बसायचा. ताटाभोवती पाणी फिरवायचा, चित्राहुती घालायचा आणि मग डाव्या हाताने किल्लीची मुदत एक दिवसाने वाढवायचा. किल्लीचं नावच त्याने 'जेवण' ठेवलं होतं. मी चिडवायची, की याच्या घरी देवाआधी कर्नलला नैवेद्य.

त्याच फोल्डरमध्ये रेवाच्या गोष्टी होत्या. रेवा आमची मुलगी. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत... झाशीतल्या आमच्या सगळ्याच मराठी घरांत हे असंच. म्हणून तो रोज संध्याकाळी तिला मराठीत गोष्ट सांगायचा आणि रेकॉर्ड करून ठेवायचा.

गेल्या हिवाळ्यात तो मऊरानीपुरला मित्राच्या घरच्या लग्नाला गेला आणि तिथेच त्याचं हृदय बंद पडलं. त्याला घेऊन आम्ही घरी पोचलो तोवर दुपार टळून गेली होती. त्या वेळी किल्ली कोणाला आठवणार? पुढे आठवली, तेव्हा सुचतील ते सगळे पासवर्ड मी घालून पाहिले. फोनवर त्याच्या आवाजाचा एक तुकडाही नव्हता, मेसेजसुद्धा तो टाइपच करायचा. रेवा विचारायची, "मम्मा, बाबा की कहानी कब खुलेगी?" त्याचा आवाज मी विसरून जाईन, याची मला फार भीती वाटायला लागली होती.

मग उन्हाळ्यात त्याचा वाढदिवस आला. बाबाचं ताट बाबाच्या टेबलावरच वाढायचं, म्हणून रेवा अडून बसली. वरणभात, तूप, लिंबाची फोड. पाणी तिनेच फिरवलं, ताटाच्या उजवीकडे भाताची शितंही तिनेच ठेवली. सकाळी वीज गेली होती, इन्व्हर्टरनेही मान टाकली होती, त्यामुळे त्याचं मशीन (आता ते मीच वापरते) मी नुकतंच सुरू केलं होतं. माझ्याच कामासाठी जुडग्यातल्या किल्ल्यांची यादी काढली.

त्यात 'जेवण' होती. चालू. मुदत उद्या दुपारपर्यंत.

फोल्डरवर क्लिक केलं – उघडला. पहिलीच फाइल लावली, आणि खोलीत निरंजनचा आवाज आला, "रेवा, जेवलीस का?" त्याची प्रत्येक गोष्ट अशीच सुरू व्हायची. रेवा स्पीकरला कान लावून उभी होती. एरवी हिंदीत बोलणारी माझी मुलगी हळूच म्हणाली, "जेवले, बाबा."

मी खूप रडले. आणि रडता रडता सगळ्या फाइलींच्या प्रती करून घेतल्या.

नंतर लॉग चाळले. मशीन त्या दुपारीच सुरू झालेलं, माझ्याशिवाय कोणी लॉगइन केलेलं नाही, किल्ली कोणी घातल्याची नोंद नाही. पुण्याच्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, निरंजननेच आपोआप चालणारी एखादी स्क्रिप्ट लपवून ठेवली असेल. अख्खी डिस्क शोधली, स्क्रिप्ट नाही. आणि असती, तर हिवाळ्यापासून मशीन कितीदा तरी बंद-चालू झालं, तेव्हा का नाही चालली?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा त्याचं ताट वाढून टेबलाशी बसले. मुदत मलाही वाढवता आली असती, एका ओळीचं काम. पण मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला ती त्यानेच वाढवायला हवी होती. वेळ झाली आणि माझ्या डोळ्यांदेखत यादीतली ओळ गेली. वरणभात निवून गेला होता.

तेव्हापासून 'जेवण' पुन्हा दिसलेली नाही. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर सांगा. गोष्टी आता माझ्याकडे आहेत, रेवा रोज ऐकते, हल्ली बाबाला मराठीतच उत्तरं देते. पण मी अजूनही रोज जेवायला बसण्याआधी एकदा ती यादी काढते. कधी कधी वाटतं, त्या दिवशी एकच गोष्ट उतरवून घ्यायला हवी होती. मी सगळ्याच घेतल्या... परत यायला त्याला काही कारणच ठेवलं नाही.