फाटकाशी
साठ सालच्या सुमारास मी जर्मनीत कोलोनला शिकत होतो. आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं चामड्याच्या सामानाचं दुकान होतं. तरुणपणी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत तो खोगिरं विकायचा. तिथले खाटीक, बेकरीवाले दुकानं बंद करून आपापले घोडे शर्यतीत कसे पळवायचे, हे तो काउंटरवर बोटांनी टापा वाजवत सांगायचा. मला कायम अहोजाहो करायचा.

एका रविवारी तो मला शर्यतीला घेऊन गेला. फाटकाशी त्याने न बघताच आपला कोट माझ्या हातावर टाकला. “तू इथेच थांब,” म्हणाला आणि आत निघाला.

थोडं पुढे जाऊन थबकला. परत आला तेव्हा कानांपर्यंत लाल झाला होता.

“तिकडे आफ्रिकेत आमचे काळे नोकर बाहेर कोट धरून...”

“राहू द्या,” मी म्हणालो.

शर्यत न बघताच आम्ही परतलो. ट्राममध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती, पण तो शेवटपर्यंत उभाच राहिला.