कार्डावरचं सातवं वाक्य

"उभी राहा. वाच. मोठ्याने, पहिल्यापासून."

मुलुंडचा दातांचा दवाखाना. खुर्च्यांवर सहा पेशंट. मॅडम, म्हणजे डॉक्टरांची बायको, कमरेवर हात ठेवून समोर उभी. माझ्या हातात कार्ड. मी तिथली रिसेप्शनिस्ट.

कार्ड मॅडमनेच बनवलेलं. चौदा इंग्रजी वाक्यं, वर प्लास्टिक. फोन उचलला की कुठलं, पेशंट उशिरा आला की कुठलं, सगळं ठरलेलं. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काउंटरवर मराठी नाही. कार्डाबाहेर एक शब्द नाही. तुझ्या इंग्लिशने आमची लाज जायला नको."

मी पाठ केलं. वाकोल्याला घरी भांडी घासताना घोकायचे. आई विचारायची, "काय गो, कोणाशी बोलतंस?" कुणाशी बोलणार? आतल्या दोन्ही असिस्टंट पोरी आपापसात फाडफाड इंग्रजी बोलायच्या, डबाही आतच खायच्या. मी काउंटरवर एकटी. नऊ तास चौदा वाक्यं. वर्षभरात तिथे स्वतःचं एक वाक्य कुणाशी बोलले असेन तर शप्पथ. घरी आले की भाजीत मीठ जास्त झालंय एवढं सांगायचाही कंटाळा यायचा.

मग तो फोन आला. एक बाई. रडत होती.

"अहो, माझी उद्याची अपॉइंटमेंट रद्द करा. आई गेली हो माझी."

अगं बाई! कधी? कशाने? सगळं घशाशी आलं. आमच्याकडे कुणी गेल्याचं कळलं की माणूस आधी हेच विचारतो, बाकी सगळं नंतर. पण मागे मॅडम उभी. अपॉइंटमेंट रद्द झाली की सातवं वाक्य.

"थँक यू फॉर लेटिंग अस नो. हॅव अ लव्हली डे."

पलीकडून एक हुंदका. मग फोन कट.

वाक्यात एकही चूक नव्हती. उच्चारसुद्धा झकास आला होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तीन आठवड्यांनी ती बाई आली. मॅडमला सगळं सांगितलं. कार्ड आपलंच आहे हे मॅडम बोलली नाही. हसून म्हणाली, "सॉरी हं. पोपट आहेत या मुली नुसत्या. काही कळत नाही यांना." आणि मला उभं केलं. कुठलं वाक्य कुठे बोलायचं ते म्हणे सगळ्यांसमोर शिकवणार.

मी वाचत गेले. एक. दोन. तीन. कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. सहा. पुढचं सातवं.

ती बाई समोरच बसली होती. कपाळावर आठ्या, हातात छोटा रुमाल. आणि मला एकदम कळलं, मला लाज वाटतेय ती इंग्रजीची नाहीच. माझ्याकडे बोलायला शब्द होते. तिच्याच भाषेतले. मी ते गिळले, नोकरीच्या भीतीने.

मी कार्ड काउंटरवर ठेवलं.

"ताई, त्या दिवशी तुम्ही आई गेली म्हणालात. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. चुकलं माझं."

"इंग्लिश, प्लीज!" मॅडम ओरडली.

"नाही मॅडम. हे मराठीतच. आणि ते वाक्य तुमचं आहे, तुम्हीच वाचा."

आता कुणी हसलं नाही. ताईंनी मान खाली घातली. त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मॅडम म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस." मी डबा उचलला आणि निघाले.

इंग्रजी मी सोडलेली नाही. का सोडू? ती काय मॅडमच्या बापाची आहे? रोज शिकते, चुकते, परत बोलते. पण माझी वाक्यं मीच जुळवते.

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या एका दवाखान्यात मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, "काउंटरवर फक्त इंग्लिश बोलायचं. चालेल ना?"

मी म्हटलं, "इंग्लिश बोलेन. पण समोरचं माणूस मराठीत रडलं तर मी मराठीतच बोलणार."

कळवतो म्हणाले. फोन अजून आलेला नाही. उद्या अंधेरीला दुसरी मुलाखत आहे. तिथेही हेच सांगणार.