गुरुवारची गाडी

पंचफुलाबाईंनी माझ्या मुलीला आणखी काय काय लपवायला शिकवलं असेल, ही काळजी चार दिवस झाले माझी पाठ सोडत नाही. दीपा साधं "आई, मी दूध प्यायले" म्हणाली तरी मी आधी पेला बघते.

पुण्याहून कारंज्याला आलो त्याला आठ महिने झाले. माझा नवरा संघदीप मूळचा याच भागातला; त्याला इथल्या कॉलेजात कायमची नोकरी मिळाली, मला मंगरूळपीरला तासिका तत्त्वावर शिकवायचं काम मिळालं. दीपा पाच वर्षांची, शाळा साडेअकराला सुटते आणि मी घरी पोचते साडेपाचला. मधले सहा तास कोण? पुणं सोडताना मी हाच एक प्रश्न धरून बसले होते. संघदीप म्हणाला होता, "तिथं माणसं आहेत. पाळणाघर लागत नाही." आणि खरंच, सामान उतरवत होतो तेव्हाच समोरच्या घरातून पंचफुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दीपाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "हे तं चिमनीच होय! पुन्यात खायले देत नाहीत काय?"

बाई साठीच्या. अंगणवाडीत पंचवीस वर्षं मदतनीस होत्या. नवरा, देवमनराव, एसटीत कंडक्टर. ते गेल्यालाही आता बारा वर्षं झाली, पण डेपोतली जुनी माणसं अजून यांना वहिनी म्हणतात. मुलगा विनोद सुरतेला, मुलगी निता कामरगावला दिलेली. तिथं तिचं शिवणकामाचं दुकान आहे. बाई एकट्या राहतात आणि दिवसभर कुणाशी ना कुणाशी मोठ्यानं बोलत असतात. दीपाला त्यांनी ज्वारीची भाकरी खायला लावली, जे मला पुण्यात कधी जमलं नाही. रविवारी विहारात मांडीवर बसवून पंचशील पाठ करून घेतलं. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, दीपा सगळ्यांत जोरात म्हणायची. मी आईला फोनवर सांगितलं होतं, "सासू नाही ती उणीव भरून निघाली."

मागच्या सोमवारी मी मंगरूळच्या गाडीत बसले. कंडक्टर नेहमीचा नव्हता. तिकीट देताना माझ्याकडे बघून हसला.

"तुमी दीपाच्या आई ना? संघदीप सरच्या घरच्या?"

"हो. तुम्ही कसं ओळखता?"

"मी गोविंदसिंग. माही ड्यूटी कामरगावच्या गाडीवर असते, आज बदली आलो. पोरगी लय हुशार हाय तुमची. 'काका, अर्धं तिकीट द्या' मनते, अन् मशीनचं बटन सोताच दाबते. गुरुवारी खिडकीची जागा धरून ठेवतो मी तिले."

शेजारची बाईसुद्धा म्हणाली, "ते लाल पिनवाली काय? गानं म्हनते गाडीत!"

मी हसले. दुसरं काय करणार? गाडीभर माणसांना माझ्या मुलीचं गाणं माहीत होतं, आणि ती कामरगावच्या गाडीत बसते हेच मला माहीत नव्हतं. पुढच्या थांब्यावर उतरले आणि परतीच्या जीपनं घरी आले.

पंचफुलाबाई दारातच गहू निवडत होत्या. दीपा अजून शाळेत होती. मी चप्पलही काढली नाही.

"मावशी, तुम्ही दीपाला एकटीला गाडीत बसवता?"

"एकटी कायची? गोविंदसिंग होता ना गाडीत!"

"मावशी, ती पाच वर्षांची आहे."

"अवं, माह्या निता-विनोद असेच वाढले. कंडक्टरच्या हातात लेकरू देलं का घरी पोचलं समज. तिकडं निता स्टँडवर उभी राह्यते, चारच्या फेरीत गोविंदसिंग परत आनून देते."

मग कळलं. त्यांच्या डोळ्यात साखर उतरली आहे. दर गुरुवारी इथल्याच दवाखान्यात जावं लागतं, आणि डोळ्यात औषध घातलं की चार तास धूसर दिसतं. "आंधळ्या मानसानं लेकरू सांभाळाव काय? म्हनून नितापाशी धाडलं." सहा गुरुवार.

त्यांचं म्हणणं मला पटत नव्हतं असं नाही. पण मी विचारलं, "मग मला काहून नाही सांगितलं?" त्यांचाच शब्द माझ्या तोंडून गेला.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तू पुन्याची. भेली असती. पोरगी काढून नेली असती माह्यापासून. म्हनून मीच तिले मनलं, मायले नोको सांगू, आपली गंमत हाय." आणि सूप परत उचलत, "संघदीपले इचारलं होतं मी. तो हो मने."

संध्याकाळी संघदीपनं नाकारलं नाही. "लहानपणी मी पण तसाच कंडक्टरच्या भरवशावर शाळेत गेलो, स्नेहा. इथं चालतं ते. तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी बॅगा भरल्या असत्यास."

म्हणजे बॅगा भरू नयेत म्हणून माझ्या मुलीला खोटं बोलायला शिकवलं गेलं. डेपोला माहीत, निताला माहीत, नवऱ्याला माहीत. गुरुवारी मी घरी आल्यावर विचारायचे, "आज काय केलं?" आणि दीपा पापणीही न हलवता सांगायची, "मावशीकडे चित्र काढलं." एकदा तर चित्रही दाखवलं. ते आदल्या दिवशीचं असणार.

गाडीची भीती मला वाटतेच; पण गोविंदसिंग नीट माणूस आहे, हेही कळतं. जे सहन होत नाही ते वेगळं आहे. या गावात मला कुणी फसवलं नाही, सगळ्यांनी मिळून सांभाळून घेतलं, जसं एखाद्या आजारी माणसाला घेतात.

तेव्हापासून मी रजेवर आहे. तास बुडाले की ते दुसऱ्याला जातात. सोमवारी जावंच लागेल. संघदीप म्हणतो दुसरी बाई शोधू. दीपा रोज खिडकीत उभी राहून हाका मारते, "मावशीऽ, शाळा सुटली!" समोरून उत्तर येत नाही. काल पंचफुलाबाई दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. त्या माफी मागणार नाहीत. त्यांच्या लेखी त्यांनी लेकराची सोयच केली.

दुसरी बाई मिळेलही. पण खोटं बोलणं ही गंमत असते, हे दीपाच्या डोक्यातून ती काढू शकणार नाही. ज्यांनी घातलं त्यांनीच काढायला हवं.

सकाळी सहाला त्या उठलेल्या असतात. समोर राहतात, तरी मी फोनच करणार आहे. समोर गेले तर त्या चहा ठेवतील आणि मी विरघळेन. सांगणार आहे की आज या, माझ्यासमोर दीपाला जवळ घ्या आणि म्हणा, मायपासून लपव म्हटलं ते माझं चुकलं. एवढं केलं तर सोमवारचं बोलू, गुरुवारचंही बोलू. नाही म्हणाल्या तर मी तिथंच फोन ठेवीन. नंबर काढून ठेवला आहे. संघदीपला सांगितलेलं नाही.