जैसे थे राहणारा माणूस

निघोज्याजवळच्या आमच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात एका आरोग्य कार्यक्रमाची चाचणी सुरू होतेय. चिठ्ठ्या टाकल्या. ए विंगला सकाळचं चालणं आणि योगासनं मिळाली. आमच्या बी विंगला काहीच नाही. आम्ही फक्त तुलनेसाठी.

आमच्याच विंगमधले एक गृहस्थ कंपनीच्या बसची वाट बघत रोज टपरीवर भेटतात. नाव मी विचारलेलं नाही. चाकणला कारखान्यात ते तपासणीचं काम करतात. त्यामुळे हातात आलेली प्रत्येक वस्तू आधी उजेडाकडे धरून बघतात, वडापावसुद्धा.

डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं म्हणून त्यांनी नवे बूट घेतले होते. चिठ्ठ्या निघाल्या आणि बूट परत खोक्यात गेले.

मी म्हटलं, "अहो, आपल्याला चालायला बंदी नाहीये. चाचणीवाल्या बाईंनी स्वतः सांगितलंय."

"बाई चांगल्या आहेत, त्या सांगणारच. पण राव, आमच्याकडं मास्टर पीस असतो. सगळा माल त्याच्याशी ताडून बघायचा. त्याला कुणी हात लावत नाही. मीच सुधारलो, तर ए विंग सुधारली हे कळणार कसं?"

"आणि तुमची शुगर?"

त्यांनी टपरीवाल्याच्या हातून चहाचा ग्लास घेतला.

"आख्खी नोकरी दुसऱ्याचा माल तपासण्यात गेली. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी ताडून बघणार आहे."

मग त्यांनी नेहमीचा जादा साखरेचा चहा उजेडाकडे धरला, नीट बघितला आणि पास केला.